परभाषेचा शिक्षक आणि त्याचा जिव्हाळा

परभाषा शिकावी कीं न शिकावी, शिकावी तर कोणत्या वयांत, आणि ती शिकल्यानें स्वभाषेचें बरें होतें कीं वाईट, या प्रश्नांवर मराठींत गेल्या दीडशें वर्षांत विपुल लिहिलें गेलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नांवावर चालत आलेली वाघिणीच्या दुधाची उपमा तर इतकी रुळली आहे, कीं शाळेच्या वार्षिक समारंभांत ती ऐकूं आली नाहीं तर श्रोत्यांना चुकल्याचुकल्यासारखें वाटावें. या उपमेंत दूध आहे, तें पिऊन बलवान् होणारें मूलहि आहे. परंतु वाघिणीजवळ जाऊन तें दूध काढणारा जो कोणी असेल, त्याचा तींत उल्लेख नाहीं. ताडोबाच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हां चंद्रपूरकरांना वाघीण हा केवळ काव्यालंकार नसल्यामुळें ही उणीव विशेष जाणवते.

हा दूध काढणारा म्हणजे परभाषेचा शिक्षक. त्याला आपल्या कामाची गोडी प्रथम कशी लागते, आणि लागली तर तीस वर्षें ती टिकते कशी, हा प्रश्न वरवर पाहतां खासगी वाटेल. शहरांतील सुखवस्तु घरच्या मुलापुरता तो खासगी आहेहि; शिक्षक नीरस निघाला तर त्याला शिकवणी लावतां येते. परंतु ज्या मुलाला शाळेची भाषा हीच परभाषा आहे, त्याची गोष्ट निराळी. गणिताचा शिक्षक कंटाळला तर मुलाचें गणित कच्चें राहतें. भाषेचा शिक्षक कंटाळला तर गणितासकट सर्वच कच्चें राहतें, आणि एके दिवशीं तें मूल शाळेंत येईनासें होतें. म्हणून चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांचें उदाहरण समोर ठेवून, आणि या भूमीशीं संबंध असलेलीं कांहीं पुस्तकें व कांहीं प्रयत्न तपासून, या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परभाषा म्हणजे समुद्रापलीकडून आलेली भाषा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या मुलखांत ती टिकत नाहीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या एका जिल्ह्यांत सिरोंच्याकडे तेलुगु, मुलचेऱ्याच्या बाजूस पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि रानावनांतून गोंडी व तिचें भामरागडकडील माडिया हें रूप, इतक्या भाषा बोलल्या जातात. मराठी ज्यांच्या घरांत आहे त्यांच्याहि घरांतली मराठी क्रमिक पुस्तकांतली नव्हे. ती झाडीबोली आहे, आणि तींत 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'र' होतो. 'डोळा' हा छापील शब्द 'डोरा' असा वाचणाऱ्या मुलाला जो शिक्षक हसतो, त्यानें त्या मुलापुरती मराठीहि परभाषा करून ठेवली, असें आम्ही समजतों. परभाषा भूगोलानें ठरत नाहीं. चुलीपाशीं जी ऐकूं येत नाहीं, ती परभाषा.

आतां गोंडीचेंच उदाहरण घेऊं. ही द्राविड कुळांतली भाषा. २०११ च्या जनगणनेंत सुमारें ३० लाख लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला स्थान नाहीं. तिच्या व्याकरणांतील एकच गोष्ट पाहण्यासारखी आहे. गोंडींत नामांचे वर्ग दोन : एकांत पुरुष, आणि दुसऱ्यांत बाकी सर्व, म्हणजे बायका, जनावरें, झाडें, दगड. हें विभाजन ज्या मुलाच्या जिभेवर बसलें आहे, त्याला मराठीचा शिक्षक सांगतो कीं दगड तो, भिंत ती आणि झाड तें. असें कां, याला शिक्षकापाशीं उत्तर नसतें. मराठी मुलाला उत्तराची गरज पडत नाहीं, कारण त्यानें हें सर्व आईच्या मांडीवर घेतलेलें असतें. गोंडी मूल मात्र या ठिकाणीं अडखळतें, आणि त्याच्या वहीवर तांबडी रेघ उठते. वास्तविक तें मूल बेशिस्त बोलत नसतें. एका व्याकरणाची शिस्त तें दुसऱ्या व्याकरणांत पाळूं पाहत असतें. गंमत अशी कीं, या एका बाबतींत त्याला मराठीहून इंग्रजी सोपी जावी. इंग्रजींत निर्जीव वस्तूंना लिंगभेदाचा जाच नाहीं, आणि क्रियापद लिंगाप्रमाणें आपला वेष बदलत नाहीं. उलट, मराठींतला 'आम्ही' आणि 'आपण' हा सूक्ष्म भेद इंग्रजीच्या एकाच सर्वनामांत बुडून जातो. वर्गासमोर उभा राहून जो शिक्षक 'आम्ही' म्हणतो तो मुलांना वगळतो, आणि 'आपण' म्हणतो तो त्यांना पंक्तीला बसवितो; इंग्रजींत हें एवढें मोठें अंतर दाखविण्यास शब्दच नाहीं!

अशा गोष्टींचें ज्याला नवल वाटतें, त्याचा तास शिळा होत नाहीं. आमच्या सर्व प्रतिपादनाचें सार येथेंच सांगून टाकतों. परभाषेच्या शिक्षकाचा जिव्हाळा त्यागांतून जन्मत नाहीं, आणि तो कांहीं भाग्यवंतांनाच लाभलेला स्वभावगुणहि नव्हे. तो कुतूहलांतून जन्मतो, आणि विद्यार्थ्याची भाषा स्वतः शिकत राहिल्यानें टिकतो. शिक्षक जोंपर्यंत कोणत्या तरी भाषेंत स्वतः विद्यार्थी आहे, तोंपर्यंत अडखळणें म्हणजे काय हें त्याला आठवावें लागत नाहीं. तें त्याच्या अंगीं रोज घडत असतें.

या दृष्टीनें जुन्या इतिहासाकडे पाहिलें तर पहिलें नांव स्टीफन हिस्लॉप याचें येतें. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आला आणि त्यानें तेथें शाळा काढली. इंग्रजी शिकविणें हें त्याचें काम. परंतु गोंडांच्या वस्त्यांतून हिंडून त्यानें शब्द जमविले, आणि गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाचें लांबलचक गीत उतरवून घेतलें. १८६३ सालीं तो पुराच्या पाण्यांत बुडून मरण पावला, आणि १८६६ सालीं त्याचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं संपादून प्रसिद्ध केले. त्यानें जमविलेलें टांचण आजहि अभ्यासकांना चाळावें लागतें. त्याच्या उत्साहाचा मूळ उगम धर्मप्रसारांत होता, हें विसरून चालणार नाहीं. आणि धर्मप्रसारकाच्या भाषाप्रेमांत देण्याची घाई घेण्याहून अधिक असते, हा आक्षेपहि योग्यच आहे. तथापि हिस्लॉपच्या बाबतींत घेणाराच वरचढ ठरला असें दिसतें. नागपूरच्या ज्या महाविद्यालयाला त्याचें नांव आहे, त्यांतून बाहेर पडलेल्या किती पदवीधरांनीं गोंडीचे दहा शब्द शिकून घेतले असतील, हा प्रश्न विचारण्याचा मोह आम्हीं आवरतों.

दुसरें उदाहरण अधिक मोलाचें आहे, आणि तें चंद्रपूरच्या सीमेला लागूनच घडलें. राजुरा तालुका तेव्हां निजामाच्या राज्यांतील अदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ च्या पुनर्रचनेंत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ सालीं चंद्रपुरांत आला. याच अदिलाबादेंत १९४० सालीं कुमराम भीम यांचा लढा झाला व ते जोडेघाट येथें मारले गेले. त्यानंतर गोंडांची स्थिति पाहण्यासाठीं निजाम सरकारनें क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची योजना केली. १९४३ सालीं मारलवाई या खेड्यांत गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. बाहेरून शिकलेले मास्तर न आणतां ज्यांना जेमतेम अक्षरओळख होती अशा गोंड तरुणांनाच तेथें शिक्षक केलें. गोंडी वाचनपुस्तकें देवनागरी लिपींत तयार केलीं. आणि मूल आपल्या भाषेंत वाचूं लागल्यावर त्याला त्याच लिपीच्या आधारानें मराठीकडे नेण्याचें ठरविलें. परभाषेकडे जाणारा रस्ता स्वभाषेच्या अंगणांतून काढावा, हें तत्त्व पुष्कळांनीं सांगितलें आहे. मारलवाईनें तें करून दाखविलें. पुढें राज्यें बदललीं, शाळेची भाषा तेलुगु झाली, गोंडी पुस्तकें मागें पडलीं. 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' या १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत हायमेनडॉर्फ यांनीं या पडझडीचें जें वर्णन केलें आहे, तें वाचतांना मन विषण्ण होतें. गोंडी न जाणणारे शिक्षक आणि शाळेंत न येणारीं मुलें, असें तें दृश्य आहे. शिक्षक दुष्ट होते म्हणून हें झालें नाहीं. ज्याला मुलांचें बोलणेंच कळत नाहीं, त्याला त्यांच्या सहवासांत रस वाटावा तरी कशाचा?

याच अदिलाबादेंत सेतुमाधवराव पगडी अधिकारी म्हणून वावरले. उर्दू, फारसी, तेलुगु, कन्नड या भाषांबरोबर त्यांनीं गोंडी आणि कोलामीहि आत्मसात् केल्या, आणि त्या दोन्ही भाषांचीं व्याकरणें लिहिलीं. 'जीवनसेतु' हें त्यांचें आत्मचरित्र मराठी वाचकांच्या परिचयाचें आहे. एखादी नवी भाषा समोर आली कीं या माणसाला राहवत नाहीं, हें त्यांत पानोपानीं जाणवतें. अधिकाऱ्याला भाषा येत नसली तर दुभाषा मिळतो. पण दुभाष्याबरोबर त्याचा स्वार्थहि कचेरींत शिरतो. पगडींनीं तो मधला माणूस दूर केला. त्यांच्या लेखनावर आमचा एकच आक्षेप आहे : विद्वान् मनुष्याला जी भाषा सहज येते, ती कशी आली हें तो सांगत नाहीं. चढण कोठें होती, दम कोठें लागला, हें कळलें असतें तर सामान्य शिक्षकाला त्यांतून धीर मिळाला असता. ज्याला सर्व भाषा येतात त्याचें कौतुक करतां येतें, अनुकरण करतां येत नाहीं.

आतां भामरागडकडे वळूं. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमट्यांनीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहावयास गेलीं. १९७६ सालीं तेथें शाळा निघाली. डॉ. प्रकाश आमट्यांचें 'प्रकाशवाटा' हें पुस्तक घरोघर वाचलें गेलें आहे, आणि तें वाचलें जावें अशाच योग्यतेचें आहे. त्याची भाषा साधी, बढाईचा लवलेश नाहीं, आणि संकटाचें वर्णन करतांनाहि लेखकाचा आवाज चढत नाहीं. या दांपत्यानें माडिया भाषा शिकून घेतली; आपलीं मुलेंहि त्याच शाळेंत, माडिया मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकविलीं. आमच्या मतें पुढें १९०८ नव्हे, तर त्याच्या शंभर वर्षांनंतर, २००८ सालीं, मिळालेल्या मॅगसेसे पुरस्काराइतकीच ही दुसरी गोष्ट थोर आहे. कारण ज्या शाळेंत आपलें मूल बसतें, त्या शाळेकडे मनुष्य उपकारकर्त्याच्या दृष्टीनें पाहूं शकत नाहीं.

परंतु भाषेच्या शिक्षकाच्या दृष्टीनें हें पुस्तक वाचलें, तर हुरहूर राहते. रुग्णालयाच्या आणि प्राण्यांच्या कथा जितक्या भरघोस आहेत, तितका वर्गांतला भाषेचा तास भरघोस नाहीं. पहिल्या दिवशीं मास्तर काय बोलले, मुलें काय समजलीं, कोणता मराठी शब्द कोणत्या माडिया शब्दाशीं जोडला गेला आणि कोठें गफलत झाली, हें जाणण्याची वाचकाची भूक पुरती भागत नाहीं. हा दोष आम्ही लेखकावर लादीत नाहीं. वैद्यानें वैद्याच्या नजरेनें लिहावें हेंच स्वाभाविक आहे. दोष आहे तो आपल्या एकंदर सेवावाङ्मयाचा. त्यांत 'सेवा' हा शब्द इतका मोठा होऊन बसतो, कीं त्याच्या सावलींत 'अध्यापन' हा धाकटा शब्द दिसेनासा होतो. वाचक डोळे पुसतो, देणगी पाठवितो, आणि अशी समजूत करून घेतो कीं अरण्यांत शिकविण्यास लागतो तो केवळ त्याग. मग त्यागाची ऐपत नसलेला सामान्य मास्तर, ज्याची बदली एटापल्लीला झाली आहे आणि ज्याचें बिऱ्हाड मागें राहिलें आहे, तो या पुस्तकांतून काय घेणार? त्याला महात्मा होतां येत नाहीं. परंतु त्याला जिज्ञासु होतां येतें; आणि तें त्याला कोणी सांगत नाहीं.

येथें अध्यापनपद्धतीचा प्रश्न निघतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सन यांचें परभाषेच्या अध्यापनावरील पुस्तक १९०४ सालीं इंग्रजींत आलें, आणि सुटीं, अर्थहीन वाक्यें घोकविण्याच्या चालीवर त्यानें टीका केली. पुढें ढाक्याकडे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनीं बोलण्याआधीं वाचनाला महत्त्व दिलें. १९७९ ते १९८४ या काळांत एन. एस. प्रभु यांनीं दक्षिण भारतांतील शाळांतून निराळाच प्रयोग केला : मुलांना व्याकरण न सांगतां आगगाडीचें वेळापत्रक किंवा नकाशा द्यावा, त्यावर इंग्रजींतून कोडीं घालावीं, आणि उत्तर शोधण्याच्या नादांत भाषा अंगवळणीं पडूं द्यावी. प्रत्येक पद्धतीचा एकेकदां गाजावाजा झाला, आणि प्रत्येक पद्धति कंटाळलेल्या शिक्षकाच्या हातीं पडून निर्जीव झाली. १९९० सालच्या एका प्रसिद्ध निबंधांत प्रभूंनीं स्वतःच असें प्रतिपादन केलें, कीं सर्वोत्तम पद्धति म्हणून कांहीं नसतें. अमुक केल्यानें मूल अमुक शिकतें, असें शिक्षकाला अनुभवानें जें मनोमन पटलेलें असतें, तें जिवंत राहणें महत्त्वाचें. आणि चांगल्या अध्यापनाचा शत्रु वाईट पद्धति हा नसून यांत्रिकपणा हा आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणें गेल्या अर्धशतकांत परभाषेच्या शिक्षकाविषयीं याहून शहाणपणाचें विधान झालेलें नाहीं. धानोऱ्याच्या मुलांना आगगाडीचें वेळापत्रक काय कामाचें? परंतु तेंदूच्या पानांचे पुडे मोजून मजुरी किती झाली, हें कोडें इंग्रजींतून घातलें तर तें त्यांच्या घरचें कोडें होतें. हा बदल कोणत्याहि परिपत्रकानें होणार नाहीं. मुलांच्या घरीं काय चालतें हें ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो सुचेल.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व ठीक आहे. पण जिव्हाळा वेतनांत मोजून मिळत नाहीं, आणि तो मागण्याचा अधिकार कोणाला आहे? पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा मार्ग बंद होतो. एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. शिकविण्याखेरीज इतर कामांचा बोजा असतो तो वेगळाच. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि म्हणूनच आम्हीं 'त्याग' हा शब्द बाजूला सारला. त्याग मागण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. परंतु ज्या मुलांना आपण शिकवितों त्यांची भाषा थोडीतरी शिकावी, हें मागणें त्यागाचें नाहीं; तें धंद्याचें आहे. सुतारानें लाकूड ओळखावें, एवढेंच तें आहे. ही गोष्ट सरकारनेंहि मानली पाहिजे, आणि गोंडी शिकणाऱ्या शिक्षकाला त्यासाठीं वेळ, पुस्तक व मान दिला पाहिजे. घटनेच्या ३५०-अ या कलमानें १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करण्यास सांगितलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शक्य तितकें तेंच म्हटलें आहे. कायदा भाषा देतो. ती बोलणारा मास्तर मात्र घडवावा लागतो.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. २००० सालीं महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली, आणि तेव्हांपासून अरण्यांतल्या आईबापांनाहि वाटूं लागलें कीं गोंडी घरीं आहेच, शाळेनें इंग्रजी द्यावी. या इच्छेला हसणें हें ज्यांचीं स्वतःचीं मुलें इंग्रजी शाळांत आहेत त्यांना शोभत नाहीं. भामरागड तालुक्यांतील नेलगुंडा येथें लोकबिरादरी प्रकल्पानें २०१५ सालीं साधना विद्यालय ही इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं उलट वाट धरली, आणि गोंडी माध्यमाचें 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' स्थापिलें. त्याच्या मान्यतेचा प्रश्न पुढें उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे दोन प्रयत्न एकमेकांचे वैरी आहेत असें मानण्याची पद्धत पडली आहे. आम्हांला तसें वाटत नाहीं. नेलगुंड्याच्या शिक्षकाला माडिया येत असेल तर त्याची इंग्रजी मुलांच्या घरांत पोंचेल. मोहगांवच्या मुलांना पुढें मराठी व इंग्रजी जिव्हाळ्यानें शिकविणारा भेटला, तर त्यांची गोंडी त्यांना कोठेंहि आड येणार नाहीं. दोहोंकडे अखेर शिल्लक राहतो तो शिक्षकच. एक भीति मात्र स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे : शाळेंत ज्या भाषेला मान नाहीं, ती भाषा आईबाप मुलांशीं बोलावयाचें सोडून देतात. मग इंग्रजीहि आली नाहीं आणि गोंडीहि गेली, अशी अवस्था येते. मुक्या मुलाला परभाषा शिकविण्याची विद्या अद्याप कोणालाहि साधलेली नाहीं.

मराठी वाङ्मयांत आज उणीव आहे ती परभाषा शिकविणाऱ्याच्या साध्या, बारीक, प्रामाणिक वृत्तान्ताची. एटापल्लीच्या, कोरचीच्या किंवा जिवतीच्या एखाद्या शिक्षकानें दहा वर्षें एक वही ठेवावी. मुलांच्या ज्या चुका वाटल्या त्या तींत उतराव्या, आणि प्रत्येकीपुढें ती चूक त्या मुलाच्या कोणत्या भाषेच्या कोणत्या नियमांतून आली, हें लिहावें. अशी वही ठेवणाऱ्याला आपल्या कामाचा कंटाळा येणें कठीण आहे. कारण रोज नवें कांहीं तरी तींत पडत जाईल. तिचें पुढें पुस्तक झालें तर मराठी समीक्षेनें त्याचें एखाद्या काव्यसंग्रहाइतक्या गांभीर्यानें परीक्षण करावें. त्यांत करुणरस फारसा नसेल, डोळे पुसावयास लावणारे प्रसंगहि थोडेच असतील. परंतु भिंत पुल्लिंगी कां झाली याचें कारण त्यांत सांपडेल, आणि तें वाचून दुसऱ्या एखाद्या मास्तराच्या हातांतली तांबडी पेन्सिल क्षणभर थांबेल.